गावच्या मोठ्या घरासाठी फक्त प्लॅनिंग आणि बजेटची सर्व्हिस घेतली, कणकवलीतल्या आर्किटेक्ट ऑफिसचा अनुभव

गावाला मोठं घर बांधायचं डोक्यात असेल, मोठं म्हणजे तीन-चार भावांची कुटुंबं एका छपराखाली येतील एवढं, तर कॉन्ट्रॅक्टरला फोन करायच्या आधी प्लॅनिंग आणि बजेटचं काम वेगळे पैसे देऊन करून घ्या. आम्ही ते कणकवलीतल्या एका छोट्या आर्किटेक्ट ऑफिसकडून करून घेतलं, मॅडम स्वतः आर्किटेक्ट आहेत, सोबत एक सिव्हिल इंजिनिअर मुलगा आणि एक ड्राफ्ट्समन, बस एवढंच ऑफिस. पाचपैकी चार स्टार देतोय. एक का कापला ते पुढे लिहिलंय.

आमचं गाव देवगड तालुक्यात, घर सड्याखालच्या (सडा म्हणजे वरचं खडकाळ पठार) उतारावर, पुढे खळं मागे कलमांची बाग. जुनं घर चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) आणि मातीचं, मागच्या पडवीची भिंत पावसात बसली तेव्हापासून नवीन बांधायचं चाललेलं. मोठे काका आणि काकी वर्षभर तिथेच असतात, बाबा धरून बाकीचे तीन भाऊ मुंबई, ठाणे, पुण्याला, दोन आत्या, मग आमची पिढी आणि आमची पोरं. गणपतीला पस्तीस माणसं सहज होतात, शिमग्याला आणि मे महिन्यात त्याच्या निम्मी.

तर साहजिकच प्रत्येकाची एकच मागणी, आमची वेगळी खोली आणि ती पण अटॅच. सगळ्यांचं ऐकून बेरीज केली तर अकरा खोल्या आणि ७,२०० स्क्वेअर फूट. एका कॉन्ट्रॅक्टरने उभ्या उभ्या रेट सांगितला १८०० रुपये फूट, म्हणजे १ कोटी २९ लाख ६० हजार. त्यात काय येतं काय नाही ह्याचा कागद मागितला तर म्हणाला तुम्ही घरातलीच माणसं, कागद कशाला. घरातल्या निम्म्या लोकांना तो आकडा पक्का वाटत होता, आणि चार भावांत भागून लोक एफडी मोडायला निघाले होते. तिथे आमच्या चुलत बहिणीने अडवलं आणि ह्या ऑफिसचं नाव काढलं.

ह्यांची एक सर्व्हिस आहे ज्यात ते बांधकाम बघत नाहीत, फक्त प्लॅन आणि एस्टिमेट देतात. फी आमच्या कामाला सव्वा लाख आणि वर १८ टक्के जीएसटी. जागेची पाहणी, चढ-उताराचा सर्व्हे, प्लॅनचे तीन ड्राफ्ट, आयटमवार एस्टिमेट आणि कोणत्या महिन्यात किती पैसे लागतील त्याचा तक्ता, एवढं त्यात येतं. पुढे सुपरव्हिजन त्यांनाच दिलं तर ही फी त्यात वळती करतात. सव्वा लाख ऐकून घरात आवाज झाला होता, नुसत्या कागदाचे एवढे पैसे का म्हणून. पण दीड-दोन कोटीच्या कामात सव्वा लाख म्हणजे एक टक्कासुद्धा नाही हे मोठ्या काकांनीच सगळ्यांना सांगितलं आणि विषय संपवला.

सगळ्यात चांगली गोष्ट, मॅडमनी पहिल्या मीटिंगला एक रेघ पण मारली नाही. त्यांनी प्रत्येक कुटुंबाला वेगळं फोन करून प्रश्न विचारले, वर्षातून किती दिवस येता, कधी येता, रिटायर झाल्यावर इथे राहणार का नक्की, जिना चढायला कोणाला त्रास आहे, गावाला आल्यावर रात्री सगळे एकत्र बसता की आपापल्या खोलीत जाता, घर झाडणार कोण. हा शेवटचा प्रश्न काकीला विचारला तेव्हा ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली की आत्ताचं घर झाडतानाच कंबर जाते. आम्हा कोणाच्या मनात हे आलं नव्हतं, सगळे खोल्या मोजत होतो.

ह्या उत्तरांचा एक तक्ता करून त्यांनी झूमवर सगळ्यांसमोर ठेवला. त्यातून दिसलं की वर्षातले जवळजवळ दहा-अकरा महिने ह्या घरात दोनच माणसं असणार, आणि दोघं सत्तरीच्या पुढची. मग प्लॅन त्या दोघांपासून सुरू झाला. काका-काकींसाठी तळमजल्यावर साधारण ९०० फुटांचं पूर्ण घर, त्यात ओटी, देवघर, स्वयंपाकघर, एक खोली, खोलीला लागून न्हाणीघर, कुठेही पायरी नाही, आणि मधला एक दरवाजा बंद केला की बाकीचं घर कुलूपबंद. लाईट-पाण्याची लाईनसुद्धा वेगळी, म्हणजे मागचा भाग बंद असताना मेन स्विच आणि व्हॉल्व बंद करून टाकायचे. चारी भावांनी लगेच हो म्हटलं.

अकरा खोल्यांच्या सहा झाल्या. भांडणं झाली का, झाली. पण मॅडमचं म्हणणं पटण्यासारखं होतं, गणपतीत रांग लागते ती न्हाणीघरासमोर, झोपायला कोणाला अडचण येत नाही, गाद्या घातल्या की माजघरात पंधरा माणसं झोपतात आणि पोरांना तर तेच हवं असतं. म्हणून खोल्या कमी करून मोठं माजघर, वर माळ्यावर एक सलग हॉल, आणि न्हाणीघर-संडास मात्र सात ठेवले, त्यातले दोन मागीलदारी बाहेरून जाता येतील असे, समुद्रावरून किंवा बागेतून आलेली पोरं थेट तिथे जातील. गणपतीच्या जागेसमोर भजनाला आणि फुगड्यांना किती मोकळी जागा लागते हे त्यांनी जुनी ओटी टेपने मोजून काढलं आणि नवीन ओटी त्याहून चार फूट रुंद धरली. प्लॅन ५,२०० फुटांवर आला.

आता जागेवरचा प्रसंग सांगतो, कारण त्या दिवशी माझा ह्या लोकांवर विश्वास बसला. इंजिनिअर मुलगा लेव्हल लावून काठ्या रोवत होता, घराचा मागचा कोपरा जिथे येणार तिथे चुना टाकला होता. काकी काठी टेकत मागून आली, बघत राहिली आणि म्हणाली, "पावसात हयसून व्हाळ येता रे बाबा, हय भिंत घातलात तर पाणी सगळा घरात शिरतला." डिसेंबरातला दिवस, जमीन कोरडी ठणठणीत, बघणाऱ्याला व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, नावनिशाण दिसणार नाही. त्या मुलाने हो काकी बघतो म्हणून सोडून दिलं नाही, टेप खाली ठेवली आणि तिला घेऊन वर सड्यापर्यंत पाणी कुठून कुठून येतं ते चालत बघून आला, आंब्याच्या मुळांजवळ धुपलेली माती, गडग्याखालून (दगडी कुंपणाखालून) गेलेलं भगदाड, सगळ्याचे फोटो काढले. पुढच्या ड्राफ्टमध्ये घर आठ फूट पुढे सरकलं होतं आणि मागे पाणी वळवायला चिऱ्याचं गटार आलं होतं. बांधून झाल्यावर हे कळलं असतं तर काय खर्च झाला असता ह्याचा विचार पण नको.

आता एस्टिमेट. हे एकूण बावीस पानांचं आहे आणि पैसे वसूल इथेच होतात. फुटाचा रेट म्हणजे त्यात काहीही बसतं आणि काहीही बसत नाही. ह्यांनी खोदाई, पीसीसी (पायाखालचं साधं काँक्रीट), जोत्याचं (घराच्या चौथऱ्याचं) चिरेकाम, भराव, वरचं चिरेकाम, आरसीसी (सळई घातलेलं काँक्रीट), छप्पर, गिलावा, फरशी, दारं-खिडक्या, प्लंबिंग, वायरिंग, रंग असं सगळं वेगळं माप काढून वेगळा दर लावून दिलंय. चिरा किती नग, कौलं किती, सिमेंट किती पोती, स्टील किती टन, सगळं. ते सगळं जोडून घराचा दर २,१०० रुपये फूट निघाला. पण खरी गोष्ट पुढे आहे, घराच्या बाहेरचा खर्च. आमच्या पहिल्या ७,२०० फुटांच्या स्वप्नासाठी त्यांनी आकडा काढून दाखवला तो असा, घर १ कोटी ५१ लाख, बाहेरचं काम २७ लाख, म्हणजे १ कोटी ७८ लाख, आणि वर दहा टक्के राखीव धरा म्हणाल्या म्हणजे १ कोटी ९६ लाख. कॉन्ट्रॅक्टरचा तोंडी आकडा १ कोटी ३० लाख. मधले ६६ लाख आम्ही अर्धवट भिंती उभ्या असताना कुठून आणणार होतो?

बाहेरचं काम म्हणजे काय ते नीट लिहितो कारण गावाला घर बांधणाऱ्या प्रत्येकाला हे लागणार. सुधारित ५,२०० फुटांच्या प्लॅनला हे १८ लाखांवर आलं. उतारामुळे संरक्षक भिंत आणि भराव साडेसहा लाख (घर लहान झालं तशी ही भिंत पण लहान झाली, आधी हीच सर्वात मोठी रक्कम होती), विहिरीची दुरुस्ती, पंप आणि टाक्या अडीच लाख, सेप्टिक टँक आणि शोषखड्डे दोन लाख, थ्री फेज कनेक्शन आणि इन्व्हर्टर अडीच लाख, पाणंद रुंद करून खडी टाकणं दीड लाख कारण चिऱ्याचा ट्रक घरापर्यंत पोचतच नाही आणि डोक्यावरून चिरे वाहायचे झाले तर मजुरी त्याहून जास्त जाते, जुनं घर उतरवणं एक लाख, आणि मोजणी, परवानग्या, कामगार कल्याणाचा एक टक्का सेस वगैरे मिळून दोन लाख. घर १ कोटी ९ लाख, हे १८, राखीव धरून १ कोटी ४० लाख. चार भाऊ, प्रत्येकी ३५ लाख.

पाण्याचा हिशोब त्यांनी माणशी दिवसाला १३५ लिटरने केला, पस्तीस माणसांना पावणेपाच हजार लिटर रोजचं. आम्ही हजार लिटरच्या दोन टाक्यांवर खूश होतो. आता पाच हजार लिटर वर आणि तेवढंच खाली, पण वरच्या टाक्या दोन भागांत, म्हणजे काका-काकींना एरवी एक छोटी टाकी पुरे, पाणी साठून राहत नाही. सेप्टिक टँक विहिरीपासून पन्नास फुटांपेक्षा लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला नेली, जांभ्यातून पाणी झिरपतं हे सड्यावरच्या माणसाला सांगायला नको, तरी कितीतरी नवीन बंगल्यांत विहिरीच्या डोक्यावर टँक बघितलीय.

छपरासाठी त्यांनी तीन पर्याय बांधायचा खर्च आणि वीस वर्षांचा खर्च असे शेजारी शेजारी मांडले. आपल्याकडे आता सरसकट स्लॅब टाकतात, चार-पाच पावसाळ्यांत तो गळायला लागतो, मग त्यावर पत्र्याची शेड मारतात, म्हणजे छपराचे पैसे दोनदा. पूर्ण लाकडी छप्पर आम्हाला परवडणारं नव्हतं. शेवटी घेतलं ते गॅल्व्हनाइज्ड पाइपचा सांगाडा, त्यावर पत्रा आणि वर मंगलोरी कौल. वानरं कौलं फोडतात ही आमच्याकडची रोजची कटकट, खाली पत्रा असला की फुटलेल्या कौलातून पाणी घरात येत नाही. खाऱ्या वाऱ्यात साधं लोखंड किती टिकतं ते आमच्या जुन्या गोठ्यावर दिसतंच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे छपरंच्या छपरं उडाली आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, त्यामुळे पत्रा आणि सांगाडा कसा बांधायचा ह्यासाठी एस्टिमेटमध्ये वेगळी ओळ आहे, किती बोल्ट, कुठे पट्टी. पश्चिमेला आठ फूट पडवी दिलीय, पावसाची झड थेट चिऱ्यावर बसली की आतली भिंत ओली होते, त्या बाजूला फक्त गिलाव्यावर भरवसा ठेवू नका असं मॅडम म्हणाल्या. बाकी तीन बाजूंना बाहेरून गिलावा नाहीच, चिरे तासून दर्जा (मधल्या फटी) भरायच्या, तिथे पण पैसे वाचले आणि घर घरासारखं दिसेल.

चिऱ्याबद्दल पण एक पान आहे. खाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो, हवा लागून टणक होतो, म्हणून माल आधी आणून रचून ठेवायचा आणि ठिसूळ, मातीच्या गाठी असलेला नग बाजूला काढायचा. वाया जाणारे नग हिशोबात धरलेत. खाडीची वाळू आरसीसीला नको, मीठ राहिलं तर सळई आतून गंजते, म्हणून क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) धरलीय आणि ती घाटावरून फोंडा घाटाने आली तर काय पडेल, जिल्ह्यातली घेतली तर काय पडेल दोन्ही दर दिलेत.

जुन्या घरातलं लाकूड बघायला ते गावातल्या सुताराला घेऊन आले. त्याने प्रत्येक खांब आणि तुळई ठोकून ठोकून आवाज ऐकला, शंका आली तिथे पटाशीने खोचून बघितलं. बऱ्याच वाशांना आतून वाळवी होती. पण ओटीचे फणसाचे खांब आणि पुढचा सागवानी दरवाजा चौकटीसकट धडधाकट निघाला, ते नवीन घरात घ्यायचे ठरलं आणि त्याची किंमत एस्टिमेटमध्ये वजा दाखवलीय. पणजोबांनी बसवलेला दरवाजा आहे तो. बाबा त्या दिवशी फोनवर काहीच बोलले नाहीत, फक्त परत परत विचारत होते की चौकट नक्की चांगली आहे ना.

वेळापत्रक आणि पैशाचा तक्ता, हे आमच्यासारख्या पगारदार लोकांसाठी फार कामाचं. त्यांचा सल्ला होता की एका सीझनमध्ये घर उरकायचं नाही. पहिल्या सीझनला पाया, जोतं, भराव आणि संरक्षक भिंत, मग एक पूर्ण पावसाळा त्या भरावावर पडू द्यायचा म्हणजे तो बसतो, नंतर फरशी खचत नाही. दसऱ्यानंतर भिंती, मेच्या मध्यापर्यंत छप्पर झालंच पाहिजे, आणि पुढच्या पावसात छपराखाली वायरिंग, प्लंबिंग, फरशी. त्यानुसार पहिला सीझन ३२ लाख, दुसरा ७० लाख, आतलं काम ३८ लाख. प्रत्येक भावाला कळलं की कधी किती काढायचे, कोणाची एफडी कधी मॅच्युअर होते, कोणाला पीएफचे पैसे कधी मिळतात ते त्यात बसवलं, आणि कर्ज फक्त दोघांनाच काढायला लागणार आहे. बँकेचं एक लक्षात ठेवा, सातबारावर जेवढी नावं तेवढ्या सगळ्यांना बँक सहसा कर्जात सामील करायला सांगते, एकाच भावाच्या नावावर कर्ज काढू म्हणाल तर अडतं.

कागदपत्रांचं काम ह्या सर्व्हिसमध्ये येत नाही, पण काय काय लागेल त्याची यादी देतात आणि मॅडमनी पहिल्याच दिवशी सातबारा, आठ अ (खातेउतारा) आणि फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) मागितले. सातबारावर पणजोबांच्या वेळची नावं, मयत लोक तसेच. आत्यांच्या सह्या कशाला असं एक-दोन जण म्हणत होते, त्यांना मॅडमनी सरळ सांगितलं की २००५ पासून कायद्याने मुलीचा हक्क मुलाइतकाच, त्यांची लेखी संमती नसेल तर मी प्लॅन पुढे नेणार नाही. आत्या दोघी आनंदाने आल्या, आणि माहेरी आल्यावर आम्हाला कोणती खोली हा प्रश्न त्यांनीच विचारला. प्लॅनमध्ये आता माहेरवाशिणींची खोली आहे, तळमजल्यावर, खळ्याकडे खिडकी. खाडी जवळ असल्यामुळे सीआरझेडचा (किनाऱ्याजवळच्या बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्याचा) नकाशा पण आधी बघून घेतला, विरळ वस्तीच्या गावात समुद्राच्या भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवीन बांधकाम सहसा करता येत नाही आणि खाडीला वेगळं माप असतं, आमची जागा बाहेर निघाली. गावात २०२१ पासून ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडाला ग्रामपंचायतीतून सोप्या पद्धतीने परवानगी मिळायची सोय झाली, पण आमचा प्लॉट त्याहून कितीतरी मोठा, त्यामुळे नगररचना खात्याच्या परवानगीची पायरी चुकली नाही, आणि त्याला लागणारा वेळ त्यांनी तक्त्यात आधीच धरला होता.

जीएसटीच्या बाबतीत पण फायदा झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, आमचं एस्टिमेट त्याच्या आधीचं, ते त्यांनी न मागता सुधारून पाठवलं. आणि माल आपण घेऊन फक्त मजुरीचं कॉन्ट्रॅक्ट दिलं तर स्वतंत्र घराच्या त्या मजुरीवर जीएसटी लागत नाही हे पण त्यांनीच सांगितलं. आम्ही तसंच केलं, माल आमचा, मजुरी गावातल्या गवंड्याची. गावाला माल मोजून घेणारं माणूस असेल तरच हे करा, आमच्याकडे काका आहेत आणि एकेक पोतं वहीत लिहितात.

शेवटचं पान देखभालीचं आहे, दर वर्षी कौलं बघणं, वाळवीचं औषध, पडवीला ताडपत्री-झडपा, टाक्या साफ करणं, रंग, मिळून वर्षाला सव्वा ते दीड लाख. हे वाचून सगळे गप्प झाले कारण घर बांधून झालं की खर्च संपला असंच धरलं होतं. आता प्रत्येक भाऊ महिन्याला ३,००० रुपये एका वेगळ्या खात्यात टाकतो, घर बांधायच्या आधीपासूनच सुरू केलंय. वर्षाचे १ लाख ४४ हजार होतात.

आता एक स्टार का कापला. पहिलं, वेळ. तिसरा ड्राफ्ट ठरलेल्या तारखेपेक्षा खूप उशिरा आला, मधे मधे फोन उचलत नव्हते, आणि आमच्याकडे एक महिना उशीर म्हणजे सीझनच हातातून जाऊ शकतो हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. दुसरं, वायरिंगचा भाग कच्चा आहे. बाकी सगळं नगांमध्ये आणि इथे मात्र एक ठोक रक्कम, किती पॉइंट, कुठली वायर, काही नाही, गावात पावसाळ्यात लाईटचा जो खेळ असतो तो बघता हा भाग नीट हवा होता. आम्ही तो इलेक्ट्रिशियनकडून परत काढून घेतला. तिसरं, सगळं एस्टिमेट इंग्लिशमध्ये. काका दहावी शिकलेले, साईटवर तेच उभे राहणार, त्यांना मराठीत पाहिजे होतं. माझ्या पुतणीने बसून आयटमांची नावं मराठीत लिहिली तेव्हा कुठे ते कामाला आलं. मी मॅडमना हे सांगितलंय आणि पुढच्या लोकांना मराठीत देऊ म्हणाल्यात, बघूया. थ्रीडी व्ह्यूचे पैसे वेगळे आहेत, आम्ही घेतले नाहीत, गरज वाटली नाही.

पहिला सीझन होऊन गेला, जोतं झालंय. एस्टिमेट ३२ लाख होतं, खर्च ३३ लाख ४० हजार, आणि जास्तीचे पैसे मागच्या कोपऱ्यात काळा दगड लागला तिथे ब्रेकर लावण्यात गेले, ते राखीव पैशांतून दिले, कोणाला फोन करून मागायची वेळ आली नाही. पहिल्याच मोठ्या पावसात काकीने सांगितलेल्या जागेवरून व्हाळ आला आणि गटारातून निघून गेला, काकांनी व्हिडिओ पाठवला होता.

हजार-बाराशे फुटांचं साधं घर असेल तर एवढं सगळं घेऊ नका, गावातला चांगला गवंडी पुरेल. पण घर मोठं, पैसे अनेकांचे आणि राहणार दोघंच असं असेल तर घ्या. जाताना सातबारा आणि आठ अ चालू तारखेचे घेऊन जा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जागेवर हजर ठेवा, आणि एस्टिमेट पीडीएफ नको, एक्सेल फाईल मागा म्हणजे दर बदलले की तुम्हाला स्वतः बदलता येतील. आम्हाला मागितल्यावर दिली, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.